तोडा फिरत नाही

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई हमखास विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, कॉम्प्युटर दुरुस्त करते. ती मान डोलावते, जिलबीचा तुकडा मोडते आणि जरा वेळानं म्हणते, "म्हणजे मिस्टरांचं दुकान आहे होय?" मिस्टर पलीकडेच मठ्ठा पीत बसलेले असतात. ते हायस्कुलात चित्रकला शिकवतात आणि घरातला बल्ब गेला तरी मला हाक मारतात. पण अशा वेळी ते अजिबात खुलासा करत नाहीत. उलट गंभीर चेहऱ्यानं मान हलवतात. त्यांना त्यात कसली मजा वाटते देव जाणे.

तर, दुकान माझं आहे. तासगावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. या धंद्यात मी कशी आले हे सांगण्यासारखं काही नाही. मला वस्तू उघडून बघायचा रोग आहे, एवढंच. लग्न होऊन सासरी आले त्या पहिल्याच महिन्यात मी सासूबाईंचा मिक्सर उघडला होता. तो बिघडलेला नव्हता. सासूबाईंनी पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना माझी ओळख करून देताना तो प्रसंग सांगितला, आणि दर वेळी त्या मिक्सरचे स्क्रू वाढत गेले.

तासगावात कॉम्प्युटरच्या पोटात काय काय सापडतं ते इतर गावच्या मेकॅनिकला खरं वाटणार नाही. इथं बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्या धुरीनं बेदाणा पिवळा होतो आणि शेडवरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर आतून काळा. तांब्याच्या बारीक रेघा खाल्ल्या जातात. पंख्यात द्राक्षाची काडी, सीडीच्या खणात बेदाणे, एका व्यापाऱ्याच्या डब्यात तर पालीनं घर केलेलं. त्यांना मी पाल दाखवली तर म्हणाले, "राहू दे की मॅडम, डास तरी खाईल." लोक त्या डब्याला सीपीयू म्हणतात. आम्ही मेकॅनिक मंडळी आधी ती चूक सुधारत होतो, आता आम्हीही सीपीयूच म्हणतो.

हल्ली डबे येईनासेच झाले आहेत. सगळं मोबाईलवर. आणि मोबाईल कोणी उघडत नाही, टाकून देतात. मला त्याचं वाईट वाटतं. धंद्यासाठी थोडं, पण जास्त करून आत काय होतं ते कोणी बघितलंच नाही म्हणून.

म्हणूनच त्या शुक्रवारी दुकानाच्या पायरीवर चादरीत बांधलेलं गाठोडं घेऊन एक तिशीतली बाई उभी दिसली, तेव्हा मी चहाचा कप तसाच ठेवून उठले. गाठोड्यात डबा आहे हे आकारावरून कळत होतं. विट्याहून एसटीनं आली होती, आणि वाटेत कुणी तरी सांगितल्यावरसुद्धा तिनं तो मांडीवरून खाली ठेवला नव्हता. नाव स्नेहल. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मॅडम, ह्याच्यावर तोडा फिरत नाही."

मला वाटलं, हातातला तोडा कुठल्या तरी फटीतून आत पडला असेल. तसंही झालेलं आहे पूर्वी. पण तिच्या मनगटात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या.

मग तिनं सांगितलं. तिनं सांगलीला एका क्लासात कॉम्प्युटरवर दागिन्यांचं डिझाईन शिकून घेतलं होतं. त्यात दागिना पडद्यावर उभा करायचा, हवा तसा फिरवून सगळ्या बाजूंनी बघायचा, मग तीच फाईल मशीनला द्यायची आणि मेणाचा साचा निघतो. क्लासातल्या नव्या कॉम्प्युटरवर तिचा तोडा छान फिरायचा. घरच्या कॉम्प्युटरवर तो एकदा ढकलला की पडदा गोठायचा, आणि मग तोड्याचं अर्धं अंग इकडं, अर्धं तिकडं. घरचा कॉम्प्युटर तिच्या नवऱ्यानं डिप्लोमाला असताना घेतलेला.

इतक्यासाठी कोणी विट्याहून मांडीवर डबा घेऊन येत नाही. मी आणखी विचारत गेले. आमचे हे म्हणतात, तू कॉम्प्युटर उघडतेस ते निमित्त, तुला माणसं उघडायची असतात. असेल. पण ती सांगत गेली.

विट्याकडं घराघरातलं कोणी ना कोणी गलाईच्या धंद्यात परमुलखात असतं. जुनं सोनं आटवायचं, तेजाबात घालून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची, हे त्यांचं काम. स्नेहलच्या सासऱ्यांनी, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, तरुणपणी मदुराईला दुकान टाकलं. आता ते दुकान नवरा, राजू, चालवत होता आणि आप्पा विट्याला परत आले होते. स्नेहल एक वर्ष मदुराईला राहून आली होती. दुकानावरच्या खोलीत. खालून तेजाबाचा वास, बाहेर भाषा कळत नाही, आणि नवरा दिवसभर भट्टीपाशी. तिथं तिच्याशी बोलायला फक्त कुकर होता, असं ती हसत म्हणाली. पण फार हसली नाही.

आता राजूनं सांगितलं होतं, मुलीची परीक्षा झाली की मी न्यायला येतो. स्नेहलनं त्याच्याशी एक करार केला होता. सांगलीतले एक सराफ डिझाईनसाठी हाताशी माणूस शोधत होते, बोलावलं की समोर येऊन बसणारं, तिथल्या तिथं फेरफार करून देणारं. त्यांनी तिला एक तोडा करून दाखवायला सांगितलं होतं, सोमवारपर्यंत. पसंत पडला तर कायमचं काम. काम मिळालं तर तिनं विट्याला राहायचं, नाही तर मदुराई.

"आणि सासरे काय म्हणतात?" मी विचारलं.

"आप्पा काही म्हणत नाहीत. ते कधीच काही म्हणत नाहीत. नुसतं बघतात."

तर, तिच्या डब्याला पाहिजे होतं ग्राफिक कार्ड. हे काय असतं ते सांगते, म्हणजे पुढं अडायला नको. कॉम्प्युटरमधला प्रोसेसर म्हणजे लग्नातला आचारी. हुशार माणूस. भाताला पाणी किती, मठ्ठ्यात मीठ किती, सगळं त्याच्या डोक्यात. पण गावजेवणाच्या पुऱ्या जर त्या एकट्यालाच लाटायला बसवलं, तर पंगत उठून घरी जाईल. त्यासाठी गल्लीतल्या बायका गोळा कराव्या लागतात. एकीलाही फार डोकं चालवायचं नसतं. एकच काम, पण सगळ्यांनी एकदम. ग्राफिक कार्ड म्हणजे त्या बायका. पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवणं हे त्यांचं काम. पत्र टाईप करायचं असेल तर आचाऱ्याच्या घरच्या एक-दोन पोरी पुरतात, जुन्या कॉम्प्युटरात तेवढ्याच असतात. पण नक्षीचा तोडा गरगरा फिरवायचा म्हणजे हजारो पुऱ्या एका दमात लाटण्यासारखं आहे.

जुन्या डब्यात नवं कार्ड बसवणं दिसतं सोपं. एक खाच असते, तिच्यात कार्ड दाबायचं. पण जुन्या डब्याचा वीज देणारा पेटारा, म्हणजे एसएमपीएस, अंगावर स्टिकर लावून फुशारकी मारतो तेवढी ताकद त्याच्यात नसते. मोठं कार्ड लावलं की तो धापा टाकतो आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो. म्हणून मी बेताचं कार्ड शोधलं, वेगळी वीज न मागणारं. सांगलीत मुलांचं एक गेमिंगचं दुकान बंद झालं होतं, तिथलं चांगलं सामान माझ्या ओळखीच्या पोरानं ठेवलं होतं. ते दुपारच्या एसटीनं मागवून घेतलं. जागा पुरेल का हे मी आधीच मोजलं होतं. वितीनं. टेप ड्रॉवरमध्ये होता, पण माझा माझ्या वितीवर फार विश्वास. कार्ड आलं आणि हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला जाऊन भिडलं. बोटभर जास्त. स्नेहलनं माझ्या हाताकडं बघितलं. मी मुद्दामच तसं ठरवलं होतं अशा थाटात हार्डडिस्क वरच्या खणात हलवली.

संध्याकाळी तोडा फिरला. जाड, गोल, अंगावर कमळाच्या पाकळ्यांची रांग, आणि पेचाच्या जागी दोन कळ्या एकमेकींना टेकलेल्या. स्नेहलनं माउस हलवला की तो अंग वळवायचा, पोटातली नक्षी दाखवायचा, पुन्हा सरळ व्हायचा. आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या फिरवत बसलो. दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं असावं.

पण विट्याचा रस्ता आणि एसटीचे हादरे. कार्ड खाचेत लावून पाठवलं तर त्याच्या वजनानं खाच मोडते. म्हणून मी ते काढून चंदेरी पिशवीत घातलं आणि कसं बसवायचं ते स्नेहलला तिथंच दोन-चारदा करायला लावलं. कार्डाच्या खालच्या कडेला पिवळ्या पट्ट्यांची रांग असते, कंगव्याच्या दातांसारखी. तिथूनच कार्ड बोर्डाशी बोलतं. मी तिला बजावलं, कडेला धर, पिवळ्याला हात लावू नको आणि घरात कुणाला लावू देऊ नको. माझ्या मते हे फार जबाबदारीचं वाक्य होतं. सगळा घोटाळा त्यानंच केला, हे मला दोन दिवसांनी कळलं.

शनिवारी सकाळी फोन. कार्ड बसवलं, खट्‌ असा आवाजही आला, पण कॉम्प्युटर चालू होत नाही. एक लांब बीप, दोन आखूड, आणि काळा पडदा. हे त्याचं ओरडणं असतं, चित्र काढणारं कोणी सापडत नाही म्हणून. मी नेहमीचे प्रश्न विचारले. मॉनिटरची वायर कार्डाच्या भोकात लावलीस ना, जुन्या वरच्या भोकात नाही ना? दहातली नऊ माणसं तिथंच चुकतात. मीही एकदा, जाऊ दे. तिनं बरोबर लावली होती. कार्ड काढून चालू करून बघ म्हटलं. काढलं की चालू होत होता. म्हणजे दुखणं कार्डातच.

"मॅडम, माझ्या हातनं काही मोडलं का?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

रविवारी मी विट्याची एसटी पकडली. आमचे हे म्हणाले, फोनवर सांगून भागलं नसतं का? भागलं नसतं. आणि खरं सांगायचं तर, माझ्या डोळ्यांदेखत चांगलं चाललेलं कार्ड चंदेरी पिशवीत बसल्या बसल्या मरतं कसं, हे बघितल्याशिवाय मला जेवण गेलं नसतं.

घर नवं होतं, स्लॅबचं, फरशी लख्ख. कॉम्प्युटर समोरच्या खोलीत, खिडकीखाली. आप्पा आरामखुर्चीत. उंच, वाळलेला माणूस, पांढरा शर्ट, आणि उजव्या हाताची बोटं तेजाबानं कायमची डागाळलेली. मी आल्यावर त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं. मग बसायला पाट दिला. मग पंखा माझ्याकडं वळवला. स्नेहल त्यांच्याकडं आश्चर्यानं बघत होती. ते एवढी धावपळ सहसा करत नसावेत.

मी डबा उघडला. खाच तपासली, रॅम काढून खोडरबरानं पुसली. ही आमची जुनी विद्या, निम्मे कॉम्प्युटर खोडरबरानं बरे होतात. मग कार्ड काढलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि खिडकीपाशी धरलं.

कंगव्याच्या अगदी टोकाचे दात पिवळे नव्हते. फिकट पडले होते, खरवडल्यासारखे. आणि एक पट्टी मुळापासून सुटून वर उचकटली होती आणि शेजारणीच्या अंगावर रेलली होती. कार्ड खाचेत गेलं की त्या दोघी एकमेकींना चिकटत होत्या. बोर्डाला काही कळेना, म्हणून तो ओरडत होता.

मी असं कधी पाहिलं नव्हतं. उंदीर कुरतडतो तसं नव्हतं, दाबून बसवताना मोडतं तसंही नव्हतं. सरळ एका दिशेनं घासल्याचे ओरखडे होते. मी ते स्नेहलला दाखवलं. तिचा चेहरा पार उतरला. म्हणाली, "मी हात लावला नाही हो. आणि घरात पण सांगून ठेवलं होतं, पिवळ्याला हात लावायचा नाही म्हणून."

आरामखुर्ची करकरली.

"मी घासलं," आप्पा म्हणाले.

आम्ही दोघींनी वळून बघितलं.

"दगडावर. कस बगितला." ते खाली फरशीकडं बघत होते. "पिवळं घरात आलं की आदी दगडावर. माझ्या बानं शिकवलेलं हाय. भाचीच्या लग्नातली आंगठी बी मी आदी घासली, मग आक्षता टाकल्या. आन् ही सांगायला लागली, पिवळ्याला हात लावू नका. म्हणलं, आसं काय पिवळं हाय त्येच्यात?"

आता कुठल्याही शहाण्या मेकॅनिकनं इथं रागवायला हवं होतं. मी रागवायला तोंड उघडलं आणि विचारलं, "मग? काय निघालं?"

आप्पांचा चेहरा बदलला. ते उठले, कपाटातून मखमलीच्या पिशवीतला कसाचा दगड आणला. काळाकुळकुळीत, तळहाताएवढा. त्यावर एक रेघ, इतकी पुसट की दगड तिरका केल्यावरच दिसावी. बाजूला तेजाबाची बाटली होती तीही आणली. सोनं चांगलं हाय, म्हणाले, कसाला उतरतंय. पण नुसता मुलामा. दोनदा घासलं तर खाली तांबं लागलं, म्हणून आणखी जोर दिला. एवढं पातळ सोनं त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. हे चढवतो कसा माणूस? मी म्हटलं, मशीन चढवतं. का? कारण तांब्याला गंज येतो आणि सोन्याला येत नाही, गंज आला की मध्ये निरोप अडतो. आप्पांनी दगडावरची रेघ पुन्हा उजेडात धरली. म्हणजे हे सोनं मिरवायचं नाही, तर कामाचं? मी म्हटलं, कामाचंच. त्यांना हे फार आवडलं. मग मी विचारलं, अशा जुन्या कार्डातलं सोनं निघतं का? निघतं की, म्हणाले, पण धूर लय वाईट, आणि ते मला कृती सांगायला लागले. मी पाट त्यांच्या खुर्चीजवळ ओढला.

"मॅडम," स्नेहल म्हणाली. "उद्या सोमवार आहे."

आमची कृती तिथंच थांबली. ती टेबलाला टेकून उभी होती. माझ्याकडं बघून बोलली होती, पण आता तिनं सासऱ्यांकडं बघितलं.

"आप्पा, एक खरं सांगा. मी इथं राहू नये असं वाटतं का तुम्हाला?"

घरात हा प्रश्न कधी कुणी विचारला नसणार. मी हातातल्या कार्डाकडं बघत बसले. उठून जावं तर पाटावरून पटकन उठायचं माझं वय राहिलेलं नाही.

आप्पांनी दगड पिशवीत घातला, नाडी ओढली. "न्हाई गं," ते म्हणाले. "तसं आसतं तर वायर तोडली आसती. दगुड कशाला काडला आसता?" आणि मग, पिशवी कपाटात ठेवत, "हात ग्येला. सवय हाय. मोडंल आसं वाटलं न्हवतं."

स्नेहलनं मान हलवली. तिला पटलं की नाही ते कळलं नाही. मला मात्र पूर्ण पटलं. न बिघडलेला मिक्सर उघडणाऱ्या बाईला हे पटणारच.

आता कार्डाचं. उचकटलेली पट्टी पुन्हा चिकटवता येत नाही. पण या कंगव्याची एक गंमत आहे. पुढच्या दातांतून वीज येते आणि अगदी गरजेचे निरोप जातात. मागचे दात म्हणजे रस्त्याचे वाढीव पदर. रुंदीकरण चालू असलं की रस्त्याची एक बाजू बंद करतात आणि दुसरीकडून एसटी जातेच की, थोडी हळू. तसं मागचे दात झाकून टाकले तर कार्ड आणि बोर्ड आपसात ठरवतात, अरुंद तर अरुंद, एवढ्यातच भागवू. आप्पांनी घासलं होतं ते मागचंच टोक. पुढं घासलं असतं तर मी तिथं नुसता चहा पिऊन परत आले असते.

हे मी आधी कधी केलं नव्हतं. नुसतं वाचलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. ब्लेडनं ती उचकटलेली पट्टी कापायची होती, शेजारच्या पट्टीला धक्का न लावता. माझा हात थोडा हलायला लागला, तसं आप्पांनी न विचारता माझं मनगट खालून धरलं. जाडजूड, खरखरीत हात, पण अजिबात हलत नव्हता. पट्टी कापली. फिकट दात खोडरबरानं पुसले. खास उष्णता सोसणारी पिवळी टेप असते ती वापरायची, पण ती तासगावला दुकानात. स्नेहलनं मुलीच्या दप्तरातून सेलोटेप आणली. मागचे दात दोन्ही बाजूंनी झाकले. कार्ड बसवलं. बटण दाबलं.

एक लांब बीप. दोन आखूड.

स्नेहल खुर्चीत बसली. बंद पडद्यात आमची तिघांची डोकी दिसत होती. मी बटण बंद केलं. आत वाकून बघितलं तर माझ्या लक्षात आलं, टेपेच्या जाडीनं कार्ड पूर्ण खाली गेलंच नव्हतं, मागून किंचित उचललेलं राहिलं होतं. आपली वीत नाही, निदान आपले डोळे तरी शाबूत आहेत, असं मनात म्हटलं आणि अंगठ्यानं दाबलं. खट्‌.

पुन्हा बटण. एकच बीप, आखूड. आणि पडद्यावर डिप्लोमाच्या काळातलं राजूनं लावलेलं डोंगराचं चित्र उगवलं.

स्नेहलनं फाईल उघडली. तोडा आला. तिनं हलकेच ढकलला. तो फिरला.

ती कामाला लागली. पेच तिच्या मनासारखा झाला नव्हता, कळ्यांचं टोक जरा बोथट करायचं होतं. मी खरं म्हणजे निघायला हवं होतं, पण दुपारची एसटी चुकली होती. आप्पांनी आरामखुर्ची तिच्या मागं ओढून घेतली.

"पाठ दाव," जरा वेळानं ते म्हणाले.

तिनं तोडा उलटा केला. ते पुढं वाकून बघत राहिले. मग माझ्याकडं वळून, जसं काही मीच विचारलं होतं तसं, सांगायला लागले. जन्मभर सोन्यात बसलो, पण दागिना आमच्या हातात मोडायलाच यायचा. कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाचा दवाखाना, कुणाची वाटणी. कातरीनं तुकडे करायचे आणि मुशीत टाकायचे. नक्षी बघायची नाही, बघितली तर हात चालत नाही. "दागिना व्हताना म्या कदी बगितला न्हाई," ते म्हणाले. "ही पयली येळ."

स्नेहलनं मागं वळून बघितलं नाही. पण तिनं तोडा फिरवायचा वेग कमी केला, त्यांना दिसावा म्हणून.

सोमवारी सकाळी तिनं फाईल पाठवली. सराफांचं उत्तर यायला आठवडा लागला, आणि तो आठवडा मी काही ना काही कारण काढून तिला फोन करत होते. सेलोटेप तापून वितळली नाही ना? पंखा आवाज करत नाही ना? आमचे हे म्हणाले, सरळ विचार ना, उत्तर आलं का म्हणून. ते मला जमत नव्हतं.

शेवटी मी खरी टेप घेऊन पुन्हा विट्याला गेले. हे कारण तरी रास्त होतं. दारातच कळलं, सराफांनी तोड्याचं डिझाईन ठेवून घेतलं होतं. पेच बदलायला सांगितला होता, त्यावर तिला अर्धा तास ऐकवलंही होतं, आणि शेवटी एक ठुशी आणि कानातल्यांचा जोड करून आणायला सांगितला होता. दर बुधवारी दुकानात येऊन बसायचं ठरलं होतं. स्नेहल हे सगळं एका दमात सांगत होती आणि माझ्या हातात चहाऐवजी रिकामी बशी दिली होती.

मी टेप बदलत असताना राजूचा फोन आला. तिच्या हाताला पीठ लागलेलं, म्हणून तिनं स्पीकरवर टाकला. सराफांचं उत्तर आल्याचं त्याला अजून माहीत नव्हतं. तिकिटाचं काय करू, परीक्षा कधी संपते, तो विचारत होता. स्नेहलनं पीठ झटकलं, तोंड उघडलं आणि थांबली. करार तिच्या बाजूनं लागला होता. पण ते नवऱ्याला सांगणं, तो तिकडं एकटा असताना, हे तिला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

आप्पांनी खुर्चीतून हात लांब करून फोन उचलला. स्पीकर बंद कसा करायचा ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून आम्ही सगळं ऐकलं.

"राजू, ती येत न्हाई रं," ते म्हणाले. "तिनं हितं दुकान टाकलंय."

विट्याचा माणूस दुकान टाकायला कुठं कुठं जातो. मदुराई, कानपूर, पार आसामपर्यंत. विट्यात दुकान टाकलं असं आप्पांनी बहुधा पहिल्यांदाच कुणाबद्दल म्हटलं असेल. पलीकडं नुसती भट्टीची घरघर. मग राजूचा आवाज आला. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

"आन् माझ्या जेवणाचं, आप्पा?"

"भात येतोय तुला," आप्पा म्हणाले. "आमटी शिक. मी शिकलो न्हवतो."

त्यांनी फोन स्नेहलच्या हातात दिला आणि खुर्ची पडद्याकडं वळवून बसले, ठुशी दिसायची वाट बघत.